पानं चावून दाबलेलं हसू

रोमचा सम्राट कमोडस समोर उभा आहे, एका हातात शहामृगाचं कापलेलं मुंडकं, दुसऱ्या हातात रक्ताने माखलेली तलवार, तोंडातून एक शब्द नाही, नुसती मान हलवतोय आणि दात काढतोय, म्हणजे तुमचंही असंच करीन. पुढच्या रांगांमध्ये सिनेटर लोक बसलेत, त्यातलाच एक कॅसियस डिओ, आणि याला भीतीने घाम फुटायच्या ऐवजी हसू फुटतंय! हसला तर जीव गेला. मग त्याने डोक्यावरच्या हारातली लॉरेलची पानं तोडली, तोंडात टाकली आणि चावत बसला, शेजारच्यांनाही तेच करायला सांगितलं, म्हणजे तोंडं हललेली दिसली तरी हसतायत हे कुणाला कळू नये. इ.स. १९२ ची गोष्ट, कोलोसियममधली. डिओने पुढे स्वतःच्या इतिहासात लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली.

मला ती केंब्रिजच्या इतिहासकार मेरी बिअर्ड यांच्यामुळे कळली, प्राचीन रोम हा त्यांचा विषय. आणि त्यांच्याबद्दल मला कधीचं लिहायचं होतं, कारण एम.फिल.च्या वेळी मी विनोदाच्या इतिहासावर विषय घेऊन गेले होते आणि "अहो, विनोदावर कसला इतिहास, जरा गंभीर विषय घ्या" असं म्हणून दोन मिनिटांत माझा कागद परत आला होता. मी शेतसाऱ्यावर काम केलं, ते चांगलंच झालं, पण ती दोन मिनिटं अजून टोचतात.

बिअर्ड यांचा जन्म १९५५ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशरचा. शाळेत असताना सुट्टीत उत्खननावर कामाला जायच्या. मग केंब्रिजचं न्यूनम कॉलेज, फक्त मुलींचं. पीएचडी केली ती रोमच्या सरकारी धर्मावर, सिसेरो या रोमन वक्त्याचं लिखाण हाताशी धरून, म्हणजे विषय एकदम भारदस्त. १९८४ ला त्या न्यूनमलाच शिकवायला परत आल्या, २००४ ला प्रोफेसर झाल्या, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरावर लिहिलं, टीव्हीवर रोम घराघरात नेला, २०२२ ला रिटायर झाल्या. हसण्यावर त्या मोठ्या प्रमाणात बोलल्या ते २००८ मध्ये, कॅलिफोर्नियात बर्कलीला, सेदर व्याख्यानं म्हणून जी मानाची मालिका असते त्यात. तेव्हा वय ५३. पुस्तक यायला २०१४ उजाडलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की तीस वर्षं धर्म, राजकारण, शिलालेख सगळं पचवल्यावर त्या हसण्याकडे आल्या आणि तीच हत्यारं तिथे वापरली, तोच पुरावा तपासायचा काटेकोरपणा.

आता डिओचंच बघा. आपण वाचतो आणि लगेच म्हणतो, वा, काय धीट माणूस, जुलमी राजाला मनातून हसला. बिअर्ड तिथे थांबवतात. म्हणतात, कमोडस १९२ संपता संपता मारला गेला आणि डिओ लिहितोय कितीतरी वर्षांनी. राजा मेल्यावर "मला तेव्हा हसू येत होतं" म्हणणं सोपं असतं. आणि खरंच आलं असेल तरी ते कशाचं, सम्राटाच्या माकडचाळ्यांचं, की जीव मुठीत धरून बसल्यावर जे अनावर हसू येतं ना, ते? सांगता येत नाही, आणि त्या तसं सरळ सांगतात.

दुसरी गोष्ट फिलोगेलोसची. प्राचीन काळातून आलेला ग्रीक विनोदांचा संग्रह, २६० च्या वर विनोद आहेत. निम्म्याच्या आसपास विनोद एकाच माणसावर, शिकलेला पण अक्कल नसलेला. आपल्याकडे याला तयार शब्द आहे, पढतमूर्ख, समर्थांनी दासबोधात त्याची लक्षणं अख्ख्या समासात दिलीत. तर एक न्हावी, एक टकला आणि एक पढतमूर्ख प्रवासाला निघतात. रात्री मुक्काम करतात, सामानाची राखण पाळीपाळीने करायची ठरते. न्हाव्याची पाळी पहिली, त्याला कंटाळा येतो, तो गंमत म्हणून झोपलेल्या पढतमूर्खाचं डोकं सफाचट करतो आणि पाळी संपल्यावर त्याला उठवतो. हा उठून डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "काय गाढव न्हावी आहे, मला सोडून टकल्याला उठवलं!"

मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि जोरात हसले. पण बिअर्ड विचारतात की हाच विनोद का? मी म्हणजे मीच, हे कशावरून? ज्या जगात ना पासपोर्ट ना ओळखपत्र, तिथे माणूस कोण हे ठरवणार कसं, हा रोजचा खरा प्रश्न होता, आणि या संग्रहात ओळखीच्या घोळाचे असे विनोद बरेच सापडतात. बघा, आधार कार्डाच्या लाईनीत उभं राहिलेल्या माणसाला हे जास्त समजवायला नको. समाजाला कुठे दुखतं ते विनोद दाखवतो, असं मी तेव्हा त्या कागदावर लिहिलं होतं, माझ्याकडे उदाहरण नव्हतं एवढंच.

आणि लॅटिनमध्ये स्मितासाठी खास वेगळा शब्दच नाही, हसण्याचंच क्रियापद ओढूनताणून वापरायचं. त्यावरून बिअर्ड म्हणतात की आपल्याला जे स्मित वाटतं ते रोमन लोकांना तसं वाटत नसावं. यावर वाद घालता येतो, मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही.

डिओची पानं वाचल्यापासून मला सारखी आजी आठवते. तिचे सासरे ओसरीवर बसलेले असायचे, आत चुलीपाशी दोघी जावांना कशावरून तरी हसू यायचं आणि दोघी पदराचा बोळा तोंडात धरून बसायच्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मागच्या महिन्यात गावी गेले तेव्हा तिला विचारलं, आजी, हसायचात कशाला गं? ती बराच वेळ आठवत राहिली. विनोद काही आठवला नाही. म्हणाली, "पदर ओला व्हायचा बघ, दातांत धरून धरून." मी ते वहीत लिहून घेतलं, तारीख टाकून.