मागचा पाय

खेळांच्या भविष्यावरच्या माझ्या व्हिडिओ मालिकेचा शेवटचा भाग टाकून झाला. आता मोकळं वाटायला हवं होतं. त्याऐवजी संध्याकाळपासून अण्णांचं एकच वाक्य डोक्यात घुमतंय. "मागचा पाय जमिनीला आहे. बोनस कसला?"

बास, एवढंच. पुढे नाही, मागे नाही. पंचांवरचा हा भाग मी त्यांच्यासाठीच केला होता, ते कबड्डीचे पंच म्हणून. तसं बोललो नव्हतो, पण कळायला नको?

ताई म्हणाली, "अरे, बघितला ना त्यांनी, झालं तर." कुठला बघितला! अलिबागकडच्या सामन्याचं जे फुटेज मी बोलताना मागे काहीतरी हलतं दिसावं म्हणून लावलं होतं, तिथेच त्यांनी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. परत थांबवला. मी शेजारी बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघतोय, आता विम्बल्डन येईल, मग कतार येईल. आणि ते आपले अंगठ्याने मागे, मागे, मागे.

विम्बल्डनवर जीव काढला होता मी. २०२५ पासून तिथे रेषेवरचे पंचच नाहीत, सगळा निकाल कॅमेऱ्यांचा. आणि त्याच वर्षी पाव्लुचेंकोवा आणि कार्टलच्या सामन्यात कोर्टाच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली. चेंडू बाहेर पडलेला, टीव्हीवर दिसतोय, आणि कोणी बोललंच नाही. शेवटी खुर्चीतल्या पंचांनी गुण पुन्हा खेळायला लावला. त्या प्रसंगानंतर मी दोन सेकंद शांतता ठेवली होती, मुद्दाम. अण्णा तिथे हसतील असं धरून चाललो होतो. ते तिथवर पोचलेच नाहीत.

नोकरी सोडून हे करतोय याबद्दल त्यांचं मत काय ते... जाऊ दे.

तक्रार कशाची आहे, तेच मला धड कळत नाहीये. व्ह्यूजची नाही. खो-खोचा भाग चांगला चालला. जानेवारी २०२५ चा दिल्लीतला विश्वचषक, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही संघांचे कर्णधार आपल्याकडचे, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळवर विजय. तो भाग चालणारच होता, त्यात माझं कर्तृत्व कमी. ऑलिंपिकच्या भागावर लोक आपसात भांडले, तेही बरंच म्हणायचं. पण पंचांचा भाग माझा होता. त्यात फुटबॉलच्या चेंडूत बसवलेला सेन्सर होता, कतारच्या विश्वचषकात सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा. खेळाचं भविष्य म्हणजे निकाल माणसाच्या हातून जाणार, असं मी छातीठोक सांगत होतो, आणि ज्या माणसाने गळ्यात शिटी अडकवून निम्मी हयात मैदानात काढली तो माझ्याच व्हिडिओत पाय शोधत बसला.

"छान झालाय" म्हणायला काय जातं? खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

रात्री जेवण झाल्यावर तेच फुटेज लॅपटॉपवर उघडलं. खरं तर अण्णांना चूक ठरवायला. एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितली. चढाईला आलेला पोरगा डावीकडे झुकतो, पुढचा पाय आत टाकतो. मागचा पाय हवेत की जमिनीला? हवेत असेल तरच बोनसचा गुण. एका फ्रेममध्ये टाच उचललेली वाटते. पुढच्या फ्रेममध्ये हॅलोजनचा उजेड आणि धूळ, पायाच्या जागी नुसता पांढरट फराटा.

आणि मग दिसलं की रेषाच नाही.

मॅटवर रेषा पक्की असते, तिथे कॅमेरा शहाणा. मातीवर फक्कीने आखलेली. मध्यंतरानंतर पाच-सहा पकडी झाल्या की बोनस रेषा कुठली, निदान रेषा कुठली, सगळं पुसून एक. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटर आणि बोनस रेषा तिच्याही पुढे एक मीटर, हे मी भागात सांगितलंय, ग्राफिकसकट. त्या ग्राफिकमधल्या रेषा किती सुबक आहेत! मैदानात त्या जागी घोटाभर विस्कटलेली माती होती. तिथे पंच रेषा बघत नाही. ती कुठे होती ते त्याच्या लक्षात असतं. तेवढ्या भरवशावर तो हात वर करतो आणि सगळं गाव ते मान्य करतं, किंवा मैदानात उतरतं.

हे माझ्या भागात कुठेही नाही. सेन्सर आहे, सेकंदाला ५०० वेळा आहे. हे नाही.

वर मी हेही विसरलो होतो की कबड्डीत निम्मा निकाल कानांचा. दम तुटला की नाही हे कुठला कॅमेरा सांगणार? मागे एकदा विचारलं होतं अण्णांना, एवढ्या आरडाओरड्यात ऐकू कसं येतं. "ऐकायचं नसतं. गळा बघायचा." मला वाटलं टाळतायत. आता प्रो कबड्डीत ३० सेकंदांचं घड्याळ आहे, डीजे आहे, दमाकडे कोण बघतो, असं मीच त्यांना ऐकवलं होतं वर. काय काय बोलतो आपण जेवणाच्या ताटावर.

म्हणजे आता मी काय समजू? त्यांना भाग आवडला नाही, की त्यांनी भागातली एकच खरी गोष्ट बघितली? दुसरं म्हणणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही. बहुतेक ते व्हिडिओ बघतच नव्हते. सामना बघत होते. समोर चढाई चालू असताना कोपऱ्यात कोणी भविष्याबद्दल बोलत असेल तर पंच त्याच्याकडे कशाला वळेल? मी त्यांच्या दृष्टीने मैदानाबाहेरचा, लाऊडस्पीकरवरून देणगीदारांची नावं वाचणारा माणूस. वाईट नाही. त्याच्याशिवाय सामने होत नाहीत.

अकराच्या सुमाराला त्यांच्या खोलीत दिवा दिसला म्हणून डोकावलो. म्हटलं, "अण्णा, फ्रेम-फ्रेम बघितलं. काही कळत नाही, पाय वर असेलही."

"नाहीये."

"कशावरून?"

"खांदा बघ. मागचा पाय उचलला असता तर खांदा पुढे पडला असता." मग चष्मा काढून, "आणि कॅमेरा कुठे लावलास तू? टोकाला. तिथून काय दिसणार, डोंबल! बोनसच्या रेषेत, बाजूला उभं राहायचं. पुढच्या वेळी मला विचार."

पुढच्या वेळी! शेवटचा भाग होता तो, मालिका संपली, तसं मी व्हिडिओत हात जोडून सांगितलंय. पण दिवाळीनंतर तिकडे सामने सुरू होतील आणि अण्णांनी कॅमेऱ्याची जागा ठरवून टाकली आहे. त्यांचा गुडघा बघता बाजूला खुर्ची लागेल, आणि खुर्ची मैदानाच्या कडेच्या राखीव क्षेत्राला चिकटून मांडू देतील का ते मंडळाला विचारावं लागेल. ते नाहीच म्हणतील. अण्णाच म्हणाले असते.