किमो कधी सुरू, हे विचारायच्या आधी

आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचा बायोप्सी रिपोर्ट आल्यापासून घरात सगळ्यांचा एकच धोशा, किमो कधी सुरू करणार? आणि ऑन्कोलॉजिस्ट म्हणतायत थांबा, म्युटेशनचा, म्हणजे गाठीच्या जीनमधल्या बदलाचा, रिपोर्ट येऊ दे. "कॅन्सर आहे म्हणता आणि वर थांबा म्हणता?" असं कोथरूडच्या काकांनी त्यांना तोंडावर ऐकवलं, पुणेकरच ते. पण डॉक्टरांचं बरोबर होतं असं माझं मत आहे.

आत्या सहकारनगरला राहते, सिगारेट सोडा, तपकिरीलाही कधी हात लावला नाही. कोरडा खोकला हटेना. एक्सरेत डाग, आणि आपल्याकडे डाग म्हणजे आधी टीबी, त्यात वावगं काही नाही कारण टीबी आहेच तेवढा. पण थुंकीत जंतू नाहीत, जीन एक्सपर्ट ही टीबीची टेस्टही निगेटिव्ह, तरी टीबीच्या गोळ्या चालू झाल्या आणि लघवी केशरी होण्यापलीकडे काही झालं नाही. मग सीटी, मग पेट स्कॅन. पेटमध्ये गाठ चमकली, पण टीबीही चमकतो बरं का, जिथे पेशी साखर जास्त खातात तिथे उजेड दिसतो एवढंच. त्यामुळे नुसत्या पेटवरून कॅन्सर ठरत नाही, तुकडा काढावाच लागतो.

इथे दुसरा गोंधळ, सुई लावली की पसरतो म्हणे! हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की शेवटी डॉक्टरांना विचारलंच. तसं अगदी क्वचित होतं, खरी काळजी असते ती फुप्फुसाबाहेर हवा जमायची, म्हणून नंतर एक्सरे काढून बघतात.

तर रिपोर्टमध्ये आलं अॅडेनोकार्सिनोमा, फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये जास्त करून हाच सापडतो. आणि या प्रकारात आपल्याकडच्या साधारण चारातल्या एकाला ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल असतो, काहींना एएलके, आरओएस-१ या जीनमध्ये. असा बदल असेल तर सलाईन न लावता रोजच्या गोळीवर काम चालू शकतं. मग गोळीच देऊन टाका की, बघू, असं काका म्हणाले. तेही नाही चालत. २००९ साली आशियातल्या रुग्णांवरचा आयपास नावाचा अभ्यास आला, त्यात जेफिटिनिब ही ईजीएफआरवरची गोळी आणि किमो यांची तुलना होती. म्युटेशन असलेल्यांना गोळीने आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, आणि नसलेल्यांना नेमकं उलटं, त्यांना किमोच सरस ठरली. म्हणजे अंदाजाने दिलेली गोळी फुकट जाते, वर वेळही जातो.

इम्युनोथेरपीचंही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचंही, तसंच. घाईने ती दिली आणि मागून ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, तर त्यावर लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी चालू केल्यास फुप्फुसाला सूज यायचा धोका वाढतो. अर्थात सगळ्यांनीच थांबायचं असं नाही हं, फुप्फुसाच्या कॅन्सरचा स्मॉल सेल हा प्रकार असेल तर तो झपाट्याने वाढतो, तिथे किमो लवकर लावतात. पेशंटला धापच लागलेली असेल तरी डॉक्टर रिपोर्टआधी सुरू करतात. आत्या तशी चालती-फिरती होती, मधल्या काळात मेंदूचा एमआरआयही उरकला.

थांबणं सोपं नव्हतं, रात्री-अपरात्री लॅबचं पोर्टल उघडून बघायचो, मध्येच लॅबवाले म्हणाले सँपल कमी पडतंय की काय बघतो, तेव्हा पोटात गोळाच आला. सुईने काढलेला तुकडा बारीक असतो, कॅन्सर कुठला ते ओळखायच्या टेस्टमध्येच बराचसा खर्च होतो आणि जीनच्या टेस्टला काही उरत नाही. म्हणून बायोप्सीच्या आधीच विचारा, म्युटेशनला पुरेल एवढा घेणार ना? पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तो तुकडा, आणि स्लाइड्स मागून घ्या. दुसरं मत घ्यायला टाटाला गेलात तर तिथेही ते बघायला मागतात.

आत्याचं ईजीएफआर निघालं, त्या जीनच्या एक्झॉन १९ या भागात बदल. गोळी चालू आहे, तोंडावर पुरळ आलंय, नखांच्या कडा दुखतात, आणि जुलाब झाले की डॉक्टरांना फोन करायच्या आधी ती मला करते. काका आता विचारतात की रक्तातूनच कळतं म्हणे, मग सुई कशाला टोचली? कळतं, लिक्विड बायोप्सी म्हणतात त्याला. पण त्यात पॉझिटिव्ह आलं तर ठीक, निगेटिव्ह आलं तर म्युटेशन नाहीच असं धरता येत नाही, कारण गाठीचा डीएनए रक्तात पुरेसा उतरलेलाच नसू शकतो, आणि मग परत तुकड्याकडेच यावं लागतं.