४८ व्होल्टची बॅटरी काट्यावर ठेवून बघा

लाकूडकामाचा एखादा नकाशा किंवा व्हिडिओ मोबाईलवर उघडला की पुढचे चार दिवस हत्यारांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. कॉर्डलेस ड्रिल, हातात मावणारा चेनसॉ, ग्राइंडरला लावायची दातेरी चकती, बारा पटाश्यांचा संच. हौशी माणसाला जाहिरात नको असते असं नाही. पातं कुठे मिळतं, क्लॅम्प कितीला आहे, हे त्याला हवंच असतं. जळगाव-धुळ्याच्या हार्डवेअरच्या दुकानांत ट्रिमरचे (लाकडाच्या कडा-खाचा कोरायच्या यंत्राचे) बिट आणि बारीक दातांची पाती शोधत फिरावं लागतं. शहादा, तळोदा, चोपड्याकडे तर पार्सल मागवणंच सोपं पडतं. संताप होतो तो आकडा खोटा निघाला की, आणि जाहिरात हातातल्या कामाच्या आड आली की.

सगळ्यात जास्त फसगत व्होल्टच्या आकड्यात होते. लिथियमच्या एका सेलचे ३.६ व्होल्ट धरतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ होतात. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट, आणि चार्जरवरून नुकतेच काढले असतील तर २१. म्हणजे एकाची १८ व्होल्ट, दुसऱ्याची ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि तिसऱ्याची २१ व्होल्ट ही बॅटरी आतून एकच. इथपर्यंत फसवणूक म्हणता येणार नाही, मोजायची वेळ तेवढी वेगळी. पण स्वस्तातल्या यंत्रांवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते व्होल्ट नव्हेत. आत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात.

तपासायला दोन सोप्या गोष्टी पुरतात. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीच्या अधिक-उणे पट्ट्यांना मल्टीमीटर लावा. २१ च्या आसपास आकडा आला तर ती १८ व्होल्टची. मल्टीमीटर नसेल तर किराणा दुकानातला काटा चालतो. या बॅटऱ्यांत सहसा असतो तो १८६५० मापाचा सेल साधारण ४५ ग्रॅमचा. खऱ्या ४८ व्होल्टसाठी तेरा सेल ओळीने लागतात, आणि त्यावर ‘६ एएच’ (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) लिहिलं असेल तर ३ एएचच्या सेलच्या तशा दोन ओळी, म्हणजे सव्वीस सेल. नुसत्या सेलचंच वजन १,१०० ग्रॅमच्या वर गेलं पाहिजे. काट्यावर सगळी बॅटरी कव्हरसकट साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरली, तर आत पाचच सेल आहेत. जाहिरातीत वजन दिलेलं असेल तर पैसे भरायच्या आधीच हा हिशेब होतो. वजन दिलेलंच नसेल, तर ते विक्रेत्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

‘एका तासात फुल चार्ज’ या ओळीखाली एक गोष्ट कुणी छापत नाही. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याहून जास्त तापमान सहज असतं. काम करून गरम झालेली बॅटरी तशीच चार्जरला लावली की सेल लवकर मरतात. मग वर्षभरात बॅटरी गेली म्हणून लोक यंत्राला दोष देतात. तासभर घरात, फरशीवर थंड होऊ द्या, नाहीतर रात्री लावा.

वायरवर चालणाऱ्या यंत्रात वॅटचा आकडा फुगवतात. घरातला छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅट. ज्या ग्राइंडरला हा छोटा प्लग लावून दिला आहे आणि जाहिरातीत ‘२,५०० वॅट’ म्हटलं आहे, त्याचा हिशेब तिथेच कोसळला. घरचा वीज मीटरही साक्ष देतो. त्यावर एका युनिटला लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. समजा ३,२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून यंत्र मिनिटभर चालवलं आणि दिवा ५३ वेळा लुकलुकला, तर यंत्र १,००० वॅट घेतंय. मोजणी मात्र लाकूड कापताना करायची आणि ती दुसऱ्याने करायची. मोकळं फिरणारं यंत्र बरंच कमी वीज घेतं, त्यावरून काहीच ठरत नाही.

जाहिरातीचा व्हिडिओ बघताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा: लाकूड कोणतं आहे आणि मोटरचा आवाज ऐकू येतो का. जवळपास प्रत्येक वेळी पांढरं, मऊ पाइन असतं, पॅकिंगच्या खोक्यांत येतं तसलं. त्यात स्क्रू भोक न पाडता सरळ उतरतो. हाच ४ मिलिमीटरचा स्क्रू वाळलेल्या बाभळीत किंवा सातपुड्यातल्या अंजनात तसाच घातला तर अर्ध्यावर अडतो आणि डोकं तुटून हातात येतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडावंच लागतं. आवाजाचं म्हणाल तर, मोटरवर भार आला की तिचा सूर खाली उतरतो आणि हे लपवता येत नाही. म्हणूनच तो आवाज काढून टाकून वर संगीत चढवतात. भुसा किंवा छिलके पडताना अनैसर्गिक वेगाने पडत असतील तर चित्रण पळवलेलं आहे.

ग्राइंडरवर लावायच्या चेनसॉ चकतीची जाहिरात दिसली की मात्र नुसतं पुढे सरकू नका, ‘रिपोर्ट’ करा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या चकतीची कड तेव्हा ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असते. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉच्या पात्याची कडही जवळपास त्याच वेगाने पळते, पण त्याला खाली सपाट बूड असतं, स्प्रिंगने आपोआप झाकणारं गार्ड असतं आणि बोट सुटलं की बटण सुटतं. ग्राइंडरला यातलं काही नाही. सरकवून अडकवायचं बटण असेल तर हातातून सुटल्यावरही तो फिरतच राहतो. दात गाठीत किंवा आडव्या रेषेत अडकला की थांबते ती चकती, आणि उलटा उसळतो तो ग्राइंडर, थेट मांडीकडे नाहीतर मनगटाकडे. जाहिरातीत चकती बसावी म्हणून गार्डही काढून ठेवलेलं दिसतं. आपल्याकडचे मिस्तरी मार्बल कटरला ११० मिलिमीटरचं ४० दातांचं लाकडाचं पातं लावतात. तो काही आदर्श मार्ग नाही, तरी त्याला निदान बूड असतं. तेही पातं घेताना त्यावर छापलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना, एवढं पाहा. छापलेलेच नसतील तर घेऊ नका.

ट्रिमरच्या बिटांची गंमत ०.३५ मिलिमीटरची आहे. दांडा ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, ही दोन वेगळी मापं आहेत आणि जाहिराती दोन्हींना ‘६ एमएम’ म्हणतात. पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे दांडा पकडणाऱ्या चिमट्यात, ६ मिलिमीटरचा दांडा आवळल्यासारखा वाटतो, पण काम करताना तो हळूहळू खाली सरकतो. खाच एका टोकाला ६ खोल आणि दुसऱ्या टोकाला ९ निघाली तर हेच कारण. बिट सुटून उडूही शकतो. व्हर्नियरने दांडा मोजल्याशिवाय बिट लावायचा नाही.

आता लाकडाकडे वळू. ‘सागवान फिनिश’, ‘शिसम टेक्स्चर’ यांत साग आणि शिसम फक्त रंगापुरते असतात. ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणजे बहुतेक वेळा दाबलेला भुसा-चिपांचा बोर्ड. वजनावरून ओळखता येईल असं वाटतं, पण येत नाही. पार्टिकल बोर्ड आणि साग घनतेला जवळपास सारखेच भरतात. ओळखायचं कडेवरून. खऱ्या फळीच्या वरच्या अंगावरच्या रेषा टोकाला वळून वाढीच्या वर्तुळांना मिळतात. चिकटवलेल्या कागदाच्या रेषा कोपऱ्यावर तुटतात. जाहिरातीत नेमका कडेचा फोटो नसतो, म्हणून तोच मागायचा.

‘किल्न सीझन्ड, तडा जाणार नाही’ ही ओळ खान्देशात तर जास्तच जपून वाचावी लागते. भट्टीत लाकूड १० टक्के ओलाव्यावर आणलं, ते खरंच असेल. पण लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत राहतं. आपल्याकडे मे महिन्यात ते पाच-सहा टक्क्यांवर उतरतं आणि श्रावणात पंधराच्या आसपास चढतं. एक फूट रुंदीची सागाची फळी एवढ्यात चार-पाच मिलिमीटर आकसते-फुगते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोपाळा हवा म्हणून एप्रिलमध्ये कोरडाठाक पाट आणून सहाही स्क्रू घट्ट आवळले, तर पावसाळ्यात तो फुगून बाक धरतो. उलट पावसाळ्यात घट्ट केलेला उन्हाळ्यात फाटतो. मधले स्क्रू पक्के ठेवायचे आणि कडेच्या स्क्रूंना आडवी, ८-१० मिलिमीटर लांबीची खाच द्यायची, म्हणजे फळी सरकते आणि फाटत नाही. सीझनिंगची हमी कितीही दिली तरी ही खाच चुकत नाही.

प्लायच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला एकट्याने काही अर्थ नाही. शिक्क्यात आयएस ७१० असेल तर मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ३०३ असेल तर सर्वसाधारण वापराचा. आयएसआय चिन्हाखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. ते शिक्क्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे.

खोटे आकडे निदान तपासता येतात. कामाच्या आड येणारी जाहिरात त्याहून जास्त चीड आणते. मोबाईल शिकंजाला टेकवून ठेवलेला असतो आणि दोन्ही हातांना फेविकॉल. पांढरा गोंद लावल्यावर सांधा जुळवायला साधारण दहा मिनिटं मिळतात, पण ४२ अंशांत त्यातली निम्मीही राहत नाहीत. अशा वेळी कोणती पट्टी कुठे बसते ते बघायला जावं तर मापांच्या तक्त्यावरच जाहिरात पसरलेली असते, आणि ती बंद करायची फुली नखाएवढीही नसते. चिकट अंगठ्याने ती दाबता दाबता भलतंच पान उघडतं. पानाच्या बाजूला, मजकुराच्या खाली हव्या तेवढ्या जाहिराती ठेवा; फुकट नकाशे देणाऱ्याचाही खर्च असतो आणि तो निघालाच पाहिजे, म्हणून सरसकट सगळ्या जाहिराती अडवणं आम्हाला पटत नाही. पण मापांच्या तक्त्यात आणि पायऱ्यांच्या मध्ये जाहिरात नको. तोवर उपाय एकच: गोंदाची बाटली उघडण्याआधी तक्त्याचा स्क्रीनशॉट घ्या किंवा मापं सरळ फळकुटावर पेन्सिलीने लिहून काढा. नकाशाच्या पानावर तीन-तीन हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसली तर बोट काही वेळ दाबून धरा, खरा पत्ता दिसतो. शेवटी ‘पीडीएफ’ असेल तरच उघडा. ‘एपीके’ असेल तर ते नकाशा नव्हे, ॲप आहे, बसवू नका.

हजारो नकाशांचा गठ्ठा काहीशे रुपयांत विकणाऱ्या जाहिराती तर आपल्या काही कामाच्याच नसतात. ते नकाशे बहुतेक अमेरिकी मापांत असतात. तिथे ‘दोन बाय चार’ म्हटलेली पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, म्हणजे ३८ बाय ८९ मिलिमीटर. आपण वखारीतून खरंच दोन बाय चार कापून आणलं की सगळे सांधे चुकतात. लाकूड मात्र घनफुटाने मोजून दिलेलं असतं आणि त्याचे पैसे गेलेले असतात.

‘खाली लिंक दिली आहे’ म्हणणाऱ्यांविषयीही सांगायला हवं. त्या लिंकवरून घेतल्यावर सांगणाऱ्याला दलाली मिळते. त्यात गैर नाही, फक्त ते स्पष्ट लिहिलेलं असावं. जून २०२२ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा संबंध उघड करणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘फक्त २ शिल्लक’ असली खोटी घाई नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत आहे. तक्रार १९१५ या क्रमांकावर करता येते. त्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि काट्यावरच्या बॅटरीचा फोटो जपून ठेवा. जाहिरात दुसऱ्या दिवशी गायब होते.

दलालीचा खरा तोटा वेगळाच आहे. ज्या वस्तूला लिंक नाही तिची शिफारस कुणी करतच नाही. ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेला बारा पटाश्यांचा संच सगळीकडे दिसतो. पण ते मिश्रधातूचं नाव आहे, त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून आणि विझवून धार किती कठीण केली आहे, हे त्यातून कळत नाही. गावातला लोहार ट्रकच्या कमानपाट्यापासून पटाशी करून देतो, तिची जाहिरात कुठेच नाही. करून घ्यायचीच तर चार सूत, सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि एक इंच अशा तीन पुरतात. पाणी धारेकडच्या दीड-दोन इंचांनाच द्यायला सांगा आणि ते तेलात. मागचा भाग मऊ राहिला तर मोगरीचा मार सोसतो. मग धारेकडचा भाग घासून चकचकीत करून मागून तापवायचा. धारेवर फिकट पेंढ्याचा रंग आला की लगेच विझवायचा. बाभळीसाठी धार ३० अंशांवर लावा. बारीक कानस धारेवर हलकेच फिरवून बघा: घसरली तर पाणी बरोबर, चावली तर मऊ. धारेवर निळा रंग पोहोचलेला दिसला तर पैसे द्यायच्या आधी पुन्हा पाणी द्यायला सांगा.