तुम्ही विचारलंत म्हणून: गेम म्हणजे कला का रे?

मी गेम बनवतो. गणपतीत गावी आलो की दोन प्रश्न ठरलेले. पब्जीसारखं चालणारं काहीतरी का करत नाहीस? आणि, पण ह्याला काय कला म्हणायची का रे?

पूर्वी मी चिडायचो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली चौदा गेम संग्रहात घेतले, त्यात टेट्रिस आहे, पॅकमॅन आहे, असं तोंडावर फेकायचो. पण दाखल्यासाठी न्यूयॉर्क कशाला? आपली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा. १२० गोल पत्ते, दर अवताराचे बारा. लोक ते फ्रेम करून भिंतीला लावतात, कलाकुसर म्हणतात. अहो, ते पिसून डाव मांडायचे पत्ते आहेत! आता ते खेळणारा शोधावा लागतो. मग माझा गेम लोकांनी खेळायचं सोडल्यावर कला होणार का? (हे वाक्य पंगतीत चांगलं खपतं.)

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. माझा पहिला गेम: जत्रेहून रात्री एकटा परतणारा पोरगा, हातात चूड, म्हणजे पेटती मशाल. दोन वर्षं घातली. एकेक माड हाताने रंगवला, रातकिडे आमच्याच परड्यात रेकॉर्ड केले. ६१ प्रती गेल्या. मी म्हणालो, लोकांना समज नाही.

मग काकाला दिला. काकाने तीस वर्षं दशावतारी नाटकात राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका केली. पडवीत बसून तो फोनवर बोट फिरवत होता. त्याला पाणंद सोडून व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरायचं होतं. गेमने तीनदा वर आणून ठेवला. चूड विझवायला गेला, विझेना. फोन खाली ठेवून म्हणाला, "दिसता बरा. पण तू सगळा आधीच ठरवन ठेवलंस. हेच्यात माझा काम काय?"

मी भांडलो. सिनेमात तरी बघणाऱ्याला काय काम असतं?

"मगे सिनेमाच काढूचो हुतो."

हा माणूस रात्री आख्यान कुठलं तेवढं ठरवून उभा राहायचा, संवाद तिथल्या तिथे. त्याला काय सांगणार! पाजित्नोवने १९८४ साली मॉस्कोत टेट्रिस केला, त्यात ना गोष्ट ना माड. ठोकळा पडतो, कुठे बसवायचा ते तुम्ही बघा, फसला तर चूक तुमची. त्यामुळेच तो चालला, असं आता वाटतं.

असं म्हणावं तर फ्लॅपी बर्ड हा मोबाइल गेम आठवतो. त्यातही सगळं काम खेळणाऱ्याच्या बोटाचंच. तुफान चालला, आणि लोकांना त्याचं व्यसन लागलं म्हणून बनवणाऱ्या डाँग न्गुयेननेच फेब्रुवारी २०१४ मध्ये तो काढून टाकला. ती कला का? इथे माझं तोंड बंद होतं. माझे माड मात्र सुरेख होते, हे मी आजही सोडणार नाही.

नव्या गेममध्ये चूड विझवता येते. पण विझवली की पोरगा व्हाळात पडतो आणि तिथेच अडकतो. चार वेळा दुरुस्त केलं. काकाला अजून दाखवलेलं नाही.