आळं मोडायचं, आळं करायचं

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, रात्री साडेदहा

कंबर गेली आज. सकाळी सातला खुरपं आणि कुदळ घेऊन बसले ती दुपारी दोनला उठले, मध्ये फक्त दोन चहा आणि एक फोन. फोनवाल्यांना पाडव्याला दोन रूम पाहिजेत, चार मोठे तीन लहान, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही, आणि शेवटी विचारतात, गार्डन आहे ना फोटोत दिसतंय तसं? आहे म्हटलं. फोटो जानेवारीतले आहेत एवढं काय बोलले नाही.

आज केलं काय तर अकरा गुलाब, दोन लिंबं, एक चिकू आणि गेटजवळचा प्राजक्त, सगळ्यांच्या बुंध्याची भर फोडली आणि आळी केली. आमच्याकडं बाग वर्षातून दोनदा उलटी करावी लागते. जूनच्या आधी आळी मोडून बुंध्याला मातीचा ढीग लावायचा म्हणजे पाणी खोडापाशी थांबत नाही, आणि पाऊस गेला की तोच ढीग फोडून परत खोलगट करायचं म्हणजे घातलेलं पाणी पळून जात नाही. एकच माती, एकच खुरपं, दोन उलट कामं. लिहायला दोन ओळी लागल्या पण मला हे कळायला दोन पावसाळे गेले.

माझं माहेर दहिवडीचं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. तिकडं झाड म्हणजे आळं, त्यात दुसरा विचारच नाही. भांड्यांचं खरकटं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, पाहुण्यांनी तांब्यात ठेवलेलं अर्धं पाणी सगळं कुठल्यातरी आळ्यात जायचं, आई तर हात धुताना पण जास्वंदीच्या बुडात उभी राहायची. आणि लग्न होऊन आले ती कास पठाराच्या पुढं, बामणोलीकडं उतरताना. जिल्हा तोच पण त्या टोकाला वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि ह्या डोंगरात महाबळेश्वरला बघा, ५,५०० च्या वर जातो. एकाच कलेक्टरकडं दुष्काळाचा अर्ज पण जातो आणि दरडीचा पण.

२०१८ साली आम्ही जुन्या घराच्या मागं पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या तेव्हा मी साताऱ्यातल्या एका नर्सरीतून चौदा गुलाब आणले होते, टेम्पोचं भाडं धरून महागच पडले, आणि मे महिन्यात खड्डे घेऊन छान गोल गोल आळी करून लावले. इंचन् इंच मोजून. आत्या (सासूबाई, आमच्यात आत्याच म्हणतात) ओट्यावर बसून बघत होत्या, एवढंच म्हणाल्या, "आगं, त्यास्नी काय आंघुळीला बसवलंयस व्हय? पाय कुजत्याल त्यांचं." मला वाटलं सासू म्हटल्यावर बोलणारच. मृग बरा गेला, आर्द्रात आळी काठोकाठ, पुनर्वसूत, म्हणजे ज्याला आत्या तरणा पाऊस म्हणतात तो पडायला लागला तेव्हा मी छत्री घेऊन डबड्यानं आळ्यातलं पाणी उपसत होते. उपसत होते! माझ्या आईनं ते बघितलं असतं तर तिला चक्कर आली असती. पुढं म्हातारा पाऊस यायच्या आत सात झाडं गेली, उपटून बघितलं तर मुळं काळी आणि वास सुटलेला.

तेव्हापासून इथं पाणी घालवायचं शिकले. घराच्या वरच्या अंगाला आडवा चर, तो बाजूनं वळवून खाली ओढ्याकडं, भाजीचे सगळे गादीवाफे, आणि चर जिथं सुटतो तिथं सोनटक्का. सोनटक्का आपोआपच पसरला खरं तर, त्याला पाय ओले लागतातच. सप्टेंबरात संध्याकाळी कासवरून दमून आलेली माणसं गाडीतून उतरली की पहिलं विचारतात कसला वास येतोय, आणि मी ऐटीत हात करते गटाराकडं.

यंदा मात्र पावसानंच वेळापत्रक मोडलं. दरवर्षी रोहिणी निघाल्या की आळी मोडायला घेते, २५ मेच्या पुढं. ह्या साली त्याच्या आधीच आभाळ फाटलं, मान्सून २४ मेला केरळात आणि २६ ला मुंबईत, म्हणजे हवामान खातं काय म्हणेल ते म्हणेल, आमच्याकडं कधी वळीव संपला आणि कधी मान्सून चालू झाला ते कळलंच नाही. तिन्ही खोल्या भरलेल्या, सुट्टीतली पोरं, लाईट नाही, एका खोलीत गळती, मी बादल्या लावू का आळी मोडू. तेरा गुलाब होते, दोन गेले. दादाचा फोन आला दहिवडीहून, म्हणतो ओढा वाहतोय मे महिन्यात, बघायला गर्दी झालीय, तो खुश आणि मी रडकुंडीला आलेली.

झेंडूचं तर सांगतच नाही. जुलैत लावलेली साठ रोपं गोगलगायींनी एका आठवड्यात साफ केली. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून रात्री वाफ्याच्या कडेला टाकायचं आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करायच्या, हे मी केलं, रोज डबाभर निघत होत्या, पण उशीर झाला होता. दसऱ्याला तोरणाला फुलं विकत आणली राजवाड्यासमोरून. डेलियाचे कंद रानडुकरांनी खाल्ले. बास.

आता ह्या फुलांच्या सीझनबद्दल. कासला येणारी माणसं आमच्याकडं राहतात, सप्टेंबर ते साधारण दसऱ्यापर्यंत, आणि खरं सांगायचं तर वर्षाचा निम्मा धंदा तेवढ्यातच होतो. आणि नेमकी तेव्हाच माझी बाग बघण्यासारखी नसते. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडून निम्मी गळालेली, लॉन म्हणून जे लावलं होतं तिथं शेवाळ, शेवंती नुसती उंच वाढलेली हिरवी, कारण तिला दिवस लहान झाल्याशिवाय कळ्याच धरायच्या नसतात. मागच्या महिन्यात पुण्याच्या एक बाई जाताना अगदी प्रेमानं म्हणाल्या, ताई जेवण एक नंबर, पण गार्डन जरा मेन्टेन करा. वर परत, तिथं पठारावर बघा, कोणी काही करत नाही तरी किती फुलं!

ते डोक्यात राहिलं माझ्या. कारण बाई चुकीचं नव्हत्या बोलल्या. तिथं कातळावर चार बोटं माती नाही, आणि आहे त्या मातीत कस नाही, सगळा पावसानं धुतलेला, इतका की सीतेची आसवं आणि दवबिंदूसारखी झाडं बारीक किडे खाऊन भूक भागवतात. गेंद, तेरडा, सगळी चार महिन्यांची पाहुणी, पाऊस संपला की बी टाकून मोकळी. त्यांना ना आळं लागतं ना भर, पाणी आलं तर आलं गेलं तर गेलं. मी गुलाब लावलेत, म्हणून माझ्या मागं ही उठाबशी. त्याच बाईंनी नंतर विचारलं की पठारावरच्या फुलांचं बी मिळेल का, बाल्कनीत लावायला. म्हटलं, ते तोडायलाच बंदी आहे, आणि बाल्कनीत एवढा पाऊस कुठून आणाल?

गुलाबाची छाटणी शुक्रवारी उरकली. ह्यांचं म्हणणं दिवाळीनंतर छाट, लोक येणार आणि तू काड्या दाखवणार. पण ठिपक्यांनी खाल्लेल्या पानांपेक्षा काड्या बऱ्या, आणि आत्ता छाटले की दीड महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर संपताना पहिली फुलं येतात. नणंद तासगावला दिली आहे, तिच्याकडं पण द्राक्षाची फळछाटणी आत्ताच चालू असते, सकाळी फोनवर दोघींचं तेच, तू काडीवर किती डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवलेस आणि मी किती ठेवले. तिचा लाखांचा धंदा आणि माझी अकरा झाडं पण बोलायला काय जातंय. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी असं प्रमाण आहे, मी शंभर-शंभर ग्रॅम घेते आणि एक लिटर पाणी, प्लास्टिकच्या डब्यात, लोखंडी भांडं चालत नाही. जुन्या विळ्याचं पातं बुडवून बघायचं, त्यावर तांबडं चढलं तर चुना कमी पडलाय. सगळ्या काड्यांना निळ्या टोप्या घातल्यासारखं दिसतंय. धाकटी म्हणाली पाहुण्यांना सांग हे नवीन फूल आहे.

पालापाचोळ्यावरून आत्यांशी वाजलंच आज, दरवर्षीचं आहे ते. त्यांना अंगण झाडून सगळं पेटवायचं असतं, राब भाजत, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळत आयुष्य गेलेलं, राख झाली की झाडाला चांगली असं त्यांचं. मी सगळा पाला आळ्यात भरते, वर भाताचा पेंढा, वीतभर थर. कारण हाच पाऊसवाला डोंगर मार्च संपता संपता कोरडा ठाक पडतो हे इथं येईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. उतार आणि कातळ, पडलं तेवढं सगळं खाली कोयनेला जातं, वरचा आमचा झरा एप्रिलात करंगळीएवढा होतो आणि मे महिन्यात टँकर. इतका पाऊस पडून टँकर! आणि तेव्हाच रूम फुल्ल. एक माणूस वीस मिनिटं शॉवर चालू ठेवतो तेव्हा मी बाहेर उभी राहून हिशोब करते, गेला एक गुलाब, गेले दोन. न्हाणीचं पाणी सगळं अळू, केळी आणि कर्दळीला लावलंय, त्यामुळं मे महिन्यात बागेत हिरवं काय असेल तर बाथरूमच्या मागची बाजू, आणि पाहुणे तिथं जाऊन फोटो काढतात.

मागच्या वर्षी एप्रिलात मी आत्यांना हाताला धरून नेलं होतं, लिंबाच्या आळ्यातला पेंढा बाजूला करून त्यांचा हात मातीवर ठेवला. गार होती. काही बोलल्या नाहीत. आज पाल्यावरून भांडण झालं ते झालंच, पण दुपारी मी आंघोळीला गेले आणि येऊन बघते तर परड्यातला राहिलेला पाला टोपलीत भरून चिकूच्या बुडाशी ठेवलेला. आळ्यात नाही टाकला, नुसता शेजारी ठेवला. काडीपेटी पण शेजारीच होती म्हणा.

इथपर्यंत लिहिलं आणि गडगडलं. मला वाटलं कुणाची गाडी आली घाटातून. दार उघडलं तर बामणोलीच्या अंगाला विजा, वारा थांबलेला आणि मातीचा वास. चित्रा नक्षत्र लागून दोनच दिवस झालेत, जाता जाता एक दणका देतंच ते, मला माहीत होतं, पाडव्याच्या फोननं घाई झाली. पंधरा आळी, सगळी आज केलेली, काठ ताजे, पेंढा अजून टाकायचाय.

आत्या आतून, "झोप की आता. एका रातीत न्हाई कुजत." आणि मग दोन मिनिटांनी, "खालच्या अंगानं फोड नुसता काठ. आक्खं नगं मोडू."

साडेअकरा. बॅटरी तोंडात धरून अकरा गुलाबांना खालच्या बाजूनं एकेक फट पाडून आले, लिंबांना पण. चिकूला गेले तोवर पाऊस आडवा आला, तो आणि प्राजक्त राहिला. खुरपं तिथंच पडलंय बाहेर, सकाळी गंजेल. पाल्याची टोपली मात्र आत आणली, ओली झाली तर परत सुकवायला ऊन कुठाय.