लॉन गेलं, हरळी राहिली : नववा महिना

परवाच्या पावसानंतर ड्रिपच्या नळीलगत हरळीचे चार कोंब दिसले. इथे बर्म्युडा ग्रास म्हणतात ती आपली दूर्वाच. मातीखाली कांड्याकांड्याने पळते. एक कांडं राहिलं की पुन्हा सगळा संसार उभा.

नवीन मंडळींसाठी : घर लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, समोर ६०० चौरस फूट लॉन. मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट म्हणजे इथल्या भागाला पाणी पुरवणारी सरकारी संस्था. लॉन काढून कमी पाण्याची झाडं लावणाऱ्यांना ती अनुदान देते; त्या योजनेत मला चौरस फुटाला २ डॉलर मंजूर झाले. अटी अशा : दर १०० चौरस फुटांना ३ झाडं, स्प्रिंकलर बंद, पावसाचं पाणी मुरवायची सोय, १८० दिवसांत काम पुरं. आणि मंजुरीआधी गवताला हात लावायचा नाही! ओळखीतल्या एकांनी उत्साहात आधीच सगळं उपटलं. मग अर्जासोबत जुन्या लॉनचा म्हणून फोटो कशाचा पाठवणार?

जूनमध्ये मंजुरी आली. बाजूच्या पट्ट्यात पुठ्ठे अंथरून वर लाकडाच्या ढलप्या टाकून पाहिल्या; महिन्याभरात हरळी सांध्यांतून वर. म्हणून मुख्य लॉनसाठी उन्हाचा उपाय केला. गवत अगदी बारीक कापलं, भरपूर पाणी पाजलं, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरल्या. काळं प्लास्टिक नको; पारदर्शकातून ऊन आत जातं आणि ओली माती चांगली तापते. जुलै-ऑगस्ट अंगण असंच झाकलेलं. गणपतीत मात्र पंचाईत झाली. दुर्वा सगळ्या शिजलेल्या! फुटपाथच्या फटींतून शोधून एकवीस कशाबशा जमवल्या.

लागवड नोव्हेंबरात, पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर. बकव्हीट, क्लीव्हलँड सेज, यॅरो, डिअरग्रास, मिल्कवीड, सीअनोथस अशी इथलीच, कमी पाण्यावर जगणारी १८ रोपं. खत नाही, कंपोस्ट नाही. खड्ड्यात आधी पाणी भरून जिरू द्यायचं, मग रोप. सेजच्या पानाला नुसता हात लागला तरी तासभर बोटांना वास राहतो.

एक सीअनोथस गेलं, आणि चूक माझीच. पाणी मुरवायच्या खळग्याच्या काठावर लावलं होतं. आमची माती चिकण, त्यामुळे जानेवारीत पाणी दोन दोन दिवस उभं राहिलं आणि मुळं कुजली. आता तिथे डिअरग्रास लावलंय. मिल्कवीड थंडीत पार जमिनीपर्यंत वाळलं तेव्हा तेही मेलं समजून उपटणार होते. गेल्या आठवड्यात फुटवा आला. हे आपल्या रुईच्या कुळातलं, देठ मोडला की तसाच पांढरा चीक येतो. मोनार्क फुलपाखरं यावर अंडी घालतात. अजून एकही आलेलं नाही.

चारपैकी तीन कोंब खणून मुळासकट काढले. चौथा कुंडीत लावला, गणपतीसाठी. कुंडी फरशीवर ठेवली आहे आणि तिच्या खालच्या भोकावर माझी रोज नजर असते.