शंभर एमबीचं पार्टिशन

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डेअरीतून अण्णांचा फोन. "कॉम्प्युटर चालू होईना. आतनं टकटक आवाज येतोय. रांग रस्त्यापर्यंत गेलीय."

"अण्णा, आधी बटण बंद करा आणि मी येईपर्यंत कुणी हात लावू नका. सकाळचं दूध वहीत लिहून घ्या."

दूध संकलनाच्या कॉम्प्युटरला वजनकाटा आणि फॅट मशीन सिरियल केबलनं जोडलेलं असतं. दूध ओतलं की वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) स्क्रीनवर येतं, दरपत्रकाप्रमाणे हिशोब होतो आणि स्लिप निघते. दर दहा दिवसांनी त्यावरून बिल. इथलं सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्यानं धंदा कधीच बंद केला होता आणि सेटअपची सीडीही कुणाकडे नव्हती. म्हणजे नुसता डेटा वाचवून भागणार नव्हतं. विंडोज ७, ते सॉफ्टवेअर, काट्याच्या पोर्टची सेटिंग, असं सगळं सी ड्राइव्ह जसंच्या तसं परत उभं करायला हवं होतं, तेही संध्याकाळच्या संकलनाच्या आत.

आठ महिन्यांपूर्वी मी क्लोनझिला नावाच्या सॉफ्टवेअरनं सी ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून ठेवली होती. सी चं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर पाडलेला कप्पा, ८० जीबीचं असलं तरी क्लोनझिला फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं, त्यामुळे इमेज जेमतेम १४ जीबीची झाली होती. डेटासाठी २० जीबीचं वेगळं डी पार्टिशन मीच करून दिलं होतं. पण त्याची पेन ड्राइव्हवरची शेवटची कॉपी पाच दिवसांपूर्वीची निघाली, आणि बिल तीन दिवसांवर आलेलं.

मशीनमधली जुनी हार्ड डिस्क माझ्या दुकानात आणून जोडली. फिरत होती, मध्येच अडखळत होती. अशी डिस्क किती वेळ साथ देईल हे कुणालाच सांगता येत नाही. तिचा उरलेला जीव कशावर खर्च करायचा हे ठरवायला मात्र मला दोन मिनिटंही लागली नाहीत. विंडोजची इमेज हातात होती, म्हणून फक्त डी वाचायचं. पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समधून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर लावलं. हे आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. मग मागे येऊन त्या जागा पुन्हा खरवडतं. चांगल्या डिस्कवर पाच मिनिटांचं काम, इथे दोन तास लागले. आकडा थांबला की माझा श्वास थांबायचा. शेवटी फक्त १२ केबी वाचता आलं नाही. त्यानंतर डिस्क एकदा जोरात टकटकली आणि कायमची गप्प झाली.

इकडे २४० जीबीच्या नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, पार्टिशन पाडलं. मूळ पार्टिशनपेक्षा लहान जागेत इमेज बसत नाही, म्हणून थोडं मोठंच ठेवलं. क्लोनझिलाचं रिस्टोअर वीस मिनिटांत झालं. मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: 'बूटएमजीआर इज मिसिंग'.

चूक माझीच होती. विंडोज ७ कोऱ्या डिस्कवर टाकताना सुरुवातीला १०० एमबीचं 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' पार्टिशन बनतं. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे ते कुणाच्या नजरेत येत नाही, पण बूट करणाऱ्या, म्हणजे विंडोज सुरू करून देणाऱ्या, फाइल्स तिथेच असतात. इमेज काढताना मी पूर्ण डिस्क निवडली नव्हती, फक्त सी निवडलं होतं. घर जपून ठेवलं, किल्ली जुन्या डिस्कवरच राहिली. आणि ती डिस्क आता गेली होती.

तीन वाजले होते. विंडोज ७ ची डीव्हीडी लावून रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडला. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून आधी 'डीआयआर' देऊन विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते पक्कं केलं. डिस्कपार्ट या कमांडनं ते पार्टिशन अॅक्टिव्ह केलं, म्हणजे बूट इथून करायचं अशी खूण केली, एमबीआर (डिस्कच्या अगदी सुरुवातीची बूटची नोंद) दुरुस्त केला आणि बीसीडीबूट या कमांडनं बूट फाइल्स सी मध्येच नव्यानं तयार केल्या. रीस्टार्ट केल्यावर विंडोजचे चार रंग हळूहळू जुळून आले तेव्हा माझे हात खरोखर थरथरत होते.

वाचवलेला डेटा डी मध्ये टाकला. तो १२ केबी नेमका कुठला, ही धास्ती होतीच. डेअरीत बसून अण्णांनी पाचही दिवसांच्या लिटरची बेरीज रजिस्टरशी ताडून पाहिली. एकही नोंद कमी नव्हती.

साडेपाचला रांग लागली. पहिल्याच आजी, दोन लिटर म्हशीचं दूध. "माझं मागचं सगळं हाय न्हवं रं त्यात?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं खातं उघडून एकेक दिवस वाचून दाखवला. तोवर फॅट ६.४ स्क्रीनवर आलं आणि स्लिप निघाली.

संकलन संपल्यावर या वेळी पूर्ण डिस्कची इमेज काढली. अण्णा शटर ओढायला उठले, तर त्यांना थांबवलं. ती इमेज माझ्याजवळच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि एसएसडी काढून ती डिस्क मशीनला लावली. साडेदहाला त्या डिस्कवरून विंडोज उघडलं. अण्णांनी रिकामी किटली काट्यावर ठेवली. स्क्रीनवर तिचं वजन आलं.